वादग्रस्त निकाल मान्य करायचा की नाही? आणि मान्य नसेल तर पहिल्या ४५ दिवसांत काय करायचं?

सीमावासी_टिळकवाडी

निकाल लागला की आपल्या भागात दोनच गट उरतात. एक म्हणतो, जनादेश आहे, मुकाट्याने मान्य करा. दुसरा म्हणतो, मशीनचा निकाल आम्हाला मान्य नाही. लोकशाही वाचवण्याची भाषा दोघेही करतात. या धाग्यावर जरा नेमकं बोलावं, एवढीच इच्छा आहे.

बेळगावात या प्रश्नाला वेगळी धार आहे. २००५ मध्ये निवडून आलेल्या महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. २०११ मध्ये पुन्हा बरखास्ती झाली. त्यामुळे कोणी "निकाल मान्य करा" म्हटलं की इथला माणूस लगेच विचारतो, आम्ही दिलेला निकाल तुम्ही मान्य केला होता का? प्रश्न रास्त आहे. खरं त्याच भागाने नियमांच्या आत राहून निषेध कसा करायचा तेही दाखवलंय. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिका नेहमीच्या आकारात मावेना. त्याच वर्षी कायदा बदलला, लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली आणि अपक्षाला १० सूचक लागू लागले.

माझं मत असं आहे. निकाल मान्य करणं म्हणजे कारभार अडवायचा नाही, रस्त्यावर कोणाचं डोकं फोडायचं नाही, निवडून आलेल्याला शपथ घेऊ द्यायची. निवडणूक निर्दोष झाली अशी कबुली त्यात येत नाही. शंका असेल तर ती कागदावर आणायची, मुदतीत आणायची. जाणकारांनी आपापल्या भागाचं लिहावं.

---

धारवाड_वकील

धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेने देऊन ठेवलंय. कलम ३२९(ब) सांगतं की संसद आणि विधानसभेची निवडणूक फक्त निवडणूक याचिकेतूनच आव्हानित होईल. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात नामक्कलच्या एका उमेदवाराचा अर्ज छाननीत फेटाळला गेला होता. त्याने मध्येच रिट केलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, 'निवडणूक' म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, ती अर्ध्यात थांबणार नाही. प्रत्येक टप्प्यावर स्थगिती मिळू लागली तर सभागृह कधीच भरणार नाही, हे त्यामागचं कारण. म्हणजे आधी निकाल, मग वाद.

आता हा 'मग' फार आखूड आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका पाहिजे. आपल्यासाठी धारवाड खंडपीठ. उमेदवार करू शकतो, तसा त्या मतदारसंघातला कोणताही मतदारही करू शकतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ४६व्या दिवशी कारण कितीही खरं असो, उपयोग नाही. इतर दाव्यांत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ होतो, इथे होत नाही.

याचिका कुठे मरतात ते सांगतो. बहुतेक वेळा पुराव्यावर नाही, दारातच मरतात.

कलम ११७ खालची २,००० रुपयांची सुरक्षा ठेव याचिकेसोबतच भरावी लागते. ती नसेल तर कलम ८६ खाली याचिका फेटाळावीच लागते, न्यायाधीशांच्या हाती काही उरत नाही. नुसती निवडणूक रद्द मागत असाल तर निवडून आलेला उमेदवार प्रतिवादी पुरतो. "मला विजयी घोषित करा" अशीही मागणी असेल तर लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी करावे लागतात. ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचाराचा आरोप आहे तोही पाहिजेच. एक सुटला की संपलं. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याने स्वतःच्या सहीने 'खरी नक्कल' म्हणून साक्षांकन करायचं. पैसे वाटल्याचा किंवा तत्सम आरोप असेल तर नमुना २५ मधलं शपथपत्र जोडायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलम ८३. त्यात 'महत्त्वाची तथ्यं' मागितली आहेत. "सर्वत्र पैसे वाटले" याला तथ्य म्हणत नाहीत. कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या गावात, किती, आणि उमेदवाराची त्याला संमती होती हे कशावरून, एवढं लागतं. राजीव गांधींच्या निवडणुकीविरुद्धची याचिका १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने सुरुवातीलाच संपलेली ठरवली.

---

निपाणीकर

वकीलसाहेब, माहिती मोलाची आहे. खरं याच माहितीवरून माझं मत उलट होतंय बघा.

कलम ८६ मध्ये लिहिलंय की याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात काय होतं? कोलार जिल्ह्यातलं मालूर घ्या. २०२३ च्या विधानसभेला तिथे २४८ मतांचा फरक होता. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे मुदतीतली दोन वर्षं आणि वर चार महिने गेल्यावर. त्याला लगेच सर्वोच्च न्यायालयात स्थगिती. फेरमोजणी करा पण निकाल बंद लिफाफ्यात ठेवा, असं सांगितलं. पाच वर्षांच्या मुदतीत आमदार बसून राहतो, मतं देतो, निधी खर्च करतो. "कारभार चालू द्या, कागदावर लढा" हे ऐकायला चांगलं आहे. ज्याने चोरी केली त्याला मात्र त्यातून पूर्ण मुदत मिळते.

मग निकाल मान्य करून लोकशाही वाचली की चोरी पचली?

---

येळ्ळूर_शिक्षिका

निपाणीकर, तुमची चीड समजते. खरं चोरी झाली की चूक झाली हे ठरतं बूथवरच्या कागदांवरून, आणि ते कागद आपली माणसं घेतच नाहीत. मतदान केंद्रावर काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

मतदानाच्या ९० मिनिटं आधी अभिरूप मतदान होतं, म्हणजे एजंटांसमोर मशीनची चाचणी. किमान ५० मतं टाकायची, नोटासह प्रत्येक बटणाला मत गेलं पाहिजे, मशीनची बेरीज आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणारं यंत्र) चिठ्ठ्या जुळवायच्या. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने मशीन शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या. घाईत 'क्लिअर' राहून जातं. मग मोजणीच्या दिवशी मशीनमध्ये ५० मतं जास्त निघतात आणि बाहेर "घोटाळा" म्हणून बोंब होते. आयोगाची पद्धत अशी की ते मशीन बाजूला ठेवायचं. विजयाचा फरक त्या केंद्रावरच्या एकूण मतांपेक्षा मोठा असेल तर ते मोजायची गरज नाही. फरक लहान असेल तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या. एजंट पहाटे साडेपाचला हजर असेल आणि अभिरूप मतदानाच्या दाखल्यावर त्याची सही असेल तर हा वाद तिथेच मिटतो. एजंट सात वाजता चहा घेऊन येत असेल तर तो मिटणार कसा?

दुसरी गोष्ट नमुना १७-सी, म्हणजे त्या केंद्रावरच्या मतांचा हिशोब. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष हा हिशोब भरतात. यादीत किती मतदार, १७-ए नोंदवहीत किती सह्या, सही करून मत द्यायला नकार दिलेले किती, चाचणी मत पडलं का, आणि मशीन किती मतं दाखवतं. त्यात कंट्रोल युनिटचा (सीयू, मशीनचा मतं साठवणारा भाग) क्रमांक आणि कागदी सीलचे क्रमांक असतात. याची प्रत प्रत्येक पक्षाच्या एजंटला देणं नियमाने बंधनकारक आहे. पण एजंट पाच वाजताच निघून गेलेला असतो! सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे अशा चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र बंद होत नाही. तोवर थांबलं तरच तो कागद हाती येतो.

तिसरं प्रदत्त मत, ज्याला सगळे 'टेंडर वोट' म्हणतात. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय असं कळलं तर "तुमचं झालंय, जावा" हे ऐकून परत फिरायचं नाही. ओळख पटली तर नियम ४९-पी प्रमाणे तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, १७-बी यादीत सही होते, मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात जाते. मोजणीच्या दिवशी ती मोजत नाहीत, पण न्यायालयात तिला किंमत आहे. राजस्थानात नाथद्वारा इथे २००८ मध्ये एका मताने निकाल लागला, तेव्हा अशा मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही मतपत्रिका मागितलीच नाही तर बोगस मतदानाचा लेखी पुरावाच राहत नाही.

---

आकडेमोड

ताईंच्या मुद्द्याला आकडे जोडतो. वाद घालण्याआधी एक बेरीज करायची: शंका असलेली मतं किती आणि विजयाचा फरक किती.

२००४ मध्ये संतेमरहळ्ळीत (चामराजनगर) ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. एक मत. तिथे एक चुकीचं मतही निकाल फिरवतं. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या जयनगरला १६ मतं. अशा ठिकाणी टपाली मतं पाहायची. बाद ठरवलेली टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर ती सगळी पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत फरक ५,२४० चा होता आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणारी संघटना) उमेदवाराला १,१७,१७४ मतं होती. एवढ्या मोठ्या मतदारसंघात ५,२४० हा निसटता फरकच. तरी तो उलटवायला एकदोन बूथच्या तक्रारी पुरत नाहीत. कितीतरी केंद्रांवरची तफावत कागदावर दाखवावी लागते.

फेरमोजणीचा अर्ज कधी द्यायचा हेही सांगून ठेवतो, कारण इथे हमखास घोळ होतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज जाहीर झाल्यावर निर्णय अधिकारी थोडा वेळ थांबतात. त्या वेळात, नमुना २० वर (अंतिम निकालपत्रक) त्यांची सही होण्याआधी, नियम ६३ खाली लेखी अर्ज कारणांसह द्यायचा. सही झाली की तो हक्क गेला. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या असतील तर नियम ५६-डी खाली, पुन्हा लेखी. तोंडी आरडाओरडा केलेला कुठेच नोंदला जात नाही. मोजणी केंद्रात मोबाईल चालत नाही, कागद, पेन आणि १७-सी च्या प्रती चालतात. कोरे अर्ज आधीच छापून उमेदवाराच्या सहीने तयार ठेवावेत, वेळेवर फक्त आकडे भरायचे.

आता अफवांबद्दल. मे २०१८ मध्ये शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात मनगुळीजवळ एका शेडमध्ये व्हीव्हीपॅटच्या पेट्या सापडल्या. दोन दिवस सगळीकडे "मशीन सापडली" चालू होतं. त्या रिकाम्या वाहतुकीच्या पेट्या होत्या, मशीन नव्हतं, असं आयोगाने सांगितलं. २०२४ च्या हरियाणा निवडणुकीत "बॅटरी ९९ टक्के कशी" हा प्रश्न गाजला. कंट्रोल युनिटची अल्कलाइन बॅटरी व्होल्टेज ठरावीक पातळीखाली येईपर्यंत ९९ च दाखवते, ती मोबाईलसारखी टक्क्याटक्क्याने उतरत नाही. अशा गोष्टींमागे ४५ पैकी ३० दिवस जातात आणि मग वकिलाकडे फक्त व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ घेऊन माणसं जातात.

---

निपाणीकर

अफवा सोडा, मान्य. महाराष्ट्रात २०२४ ला संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के होते, शेवटी ६६.०५ झाले. लोकांनी प्रश्न विचारू नये?

आणि मारकडवाडी? माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाने ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं. पोलीस आणून ते थांबवलं. गावाला स्वतःची शंका तपासायचीही मुभा नाही?

---

आकडेमोड

प्रश्न विचारायलाच पाहिजे. पाचचा आकडा हा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो आणि शेवटचा आकडा १७-सी ची बेरीज. म्हणून ज्या पक्षाकडे प्रत्येक बूथची १७-सी आहे तो हा प्रश्न एका रात्रीत सोडवू शकतो: आपली बेरीज आणि आयोगाची बेरीज शेजारी ठेवायची. जुळली तर शंका गेली. नाही जुळली तर तुमच्या हातात देशातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. पाचनंतरची वाढ हा पुरावा नाही, तो प्रश्न आहे.

मारकडवाडीबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. पुरावा म्हणून त्या मतदानाला किंमत नव्हती. निकाल माहीत झाल्यावर, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दिलेलं मत पहिल्यासारखं राहत नाही, आणि ज्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं ते येतीलच असं नाही. पण ते थांबवून प्रशासनाने शंका दहापट वाढवली. होऊ दिलं असतं, शेजारी त्या गावच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या कायदेशीर मार्गाने मोजायला काय लागतं ते समजावलं असतं, तर गाव शांत झालं असतं असं मला वाटतं.

---

धारवाड_वकील

निपाणीकरांचा मूळ मुद्दा मी टाळणार नाही. उशीर हा आपल्या पद्धतीचा खरा रोग आहे. "मान्य करा" असं सांगण्याचा नैतिक अधिकार व्यवस्थेला तेव्हाच येतो, जेव्हा ती वेळेत उत्तर देते. बाहेरची तीन उदाहरणं पाहा.

ऑस्ट्रियात मे २०१६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फरक ३०,८६३ मतांचा होता. टपाली मतं वेळेआधी, निरीक्षकांविना उघडली गेली होती. अशा नियमभंगाचा स्पर्श झालेली मतं ७७,९२६ होती. एकही मत बदलल्याचा पुरावा नव्हता. तरी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १ जुलैला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, निवडणूक रद्द केली, कारण परिणाम होण्याची शक्यता होती. डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली आणि तोच उमेदवार जास्त फरकाने निवडून आला. केनियात २००७ मध्ये हरलेल्या बाजूचा न्यायालयावर विश्वासच नव्हता. लोक रस्त्यावर आले आणि हजाराहून जास्त माणसं मेली. पुढे नवी राज्यघटना आली, तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या याचिकेला १४ दिवसांची मुदत घातली, आणि २०१७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सत्तेतल्या अध्यक्षाचा विजय रद्द केला. मलावीत २०१९ चे निकालपत्रक पांढऱ्या शाईने खाडाखोड केलेले निघाले. फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द, जूनमध्ये फेरमतदान, आणि दुसराच माणूस अध्यक्ष झाला.

आपल्याकडे भार उलटा आहे. १९५४ च्या वशिष्ठ नारायण शर्मा खटल्यापासून सूत्र असं की नियम मोडला हे दाखवून पुरत नाही, त्यामुळे 'निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला' हे याचिकाकर्त्याने सिद्ध करायचं. गुप्त मतदानात वाया गेलेली मतं कोणाला गेली असती हे कोण सिद्ध करणार? ऑस्ट्रियाची कसोटी लावली तर आपल्या कित्येक याचिका टिकतील. फेरमोजणीलाही तसंच. मतदानाची गुप्तता म्हणून न्यायालय सहज पेटी उघडत नाही, आणि पेटी उघडल्यावर जे निघालं ते पेटी उघडायच्या मागणीचं समर्थन म्हणून चालत नाही. आधीच ठोस तफावत दाखवावी लागते. म्हणजे फिरून परत १७-सी.

हरलेल्याचं बोलतोय तर जिंकलेल्याचंही बोलू. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांचीच निवडणूक रद्द केली. ती न मानण्यासाठी ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते कलम उडवलं, निवडणूक मात्र कायम ठेवली. निकाल मान्य करण्याची सक्ती एकट्या पराभूतावर नाही. विजयी उमेदवाराने न्यायालयाचा निकाल मानणं तितकंच आवश्यक आहे.

---

खानापूरकर

एक कडू गोष्ट बोलतो, समितीच्या मंडळींनी रागावू नये. २०१८ ला समितीचे दोन गट आमनेसामने उभे राहिले. त्यानंतर विधानसभेत आपला एकही आमदार नाही. आपसांत मतं फुटली याला निवडणुकीतला घोटाळा म्हणता येत नाही. अशा पराभवाला "मशीन" म्हणत राहिलं की खरा घोटाळा घडेल तेव्हा आपलं कोणी ऐकणार नाही.

दुसरं भाषेचं. आपल्या भागात दोन्ही बाजू एकमेकांवर "भाषेवर मतं मागितली" असा आरोप करतात. कलम १२३(३) खाली धर्म, जात, भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २०१७ च्या अभिराम सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की उमेदवाराचीच नव्हे तर मतदाराची भाषा पुढे करूनही मत मागता येत नाही. खरं १९६४ चा जगदेव सिंग सिद्धांती निकाल विसरू नका. पंजाबातल्या हिंदी आंदोलनावरून तो वाद झाला होता. न्यायालय म्हणालं, आपली भाषा जपण्यासाठी आंदोलन करणं, ते करीन असं आश्वासन देणं हा घटनेच्या कलम २९ चा हक्क आहे, भ्रष्ट आचार नाही.

म्हणजे भाषणात "मराठी शाळा टिकवू, सरकारी कागद मराठीत मागू" हे चालतं. "तू मराठी आहेस म्हणून मला मत दे" हे चालत नाही. पत्रकाचा मजकूर छापण्याआधी वकिलाला दाखवावा. एका वाक्यावर आमदारकी जाऊ शकते. १९८७ ची पार्ल्याची पोटनिवडणूक धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रद्द झाली होती, हे सगळ्यांना आठवतच असेल.

---

सीमावासी_टिळकवाडी

महापालिका आणि ग्रामपंचायतीचं कोणी सांगेल का? २०२१ ला बेळगाव महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या, तेव्हा सगळ्यात मोठी तक्रार हीच होती की व्हीव्हीपॅट नव्हतं.

---

धारवाड_वकील

स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथला कायदा वेगळा. मुदत ३० दिवस, ४५ नाही. इथेच लोक फसतात. याचिका उच्च न्यायालयात नाही, खालच्या न्यायालयात जाते. व्हीव्हीपॅट नसेल तर मशीनशी ताडायला दुसरा कागद नसतो, म्हणून वॉर्डात बूथवरचा मतांचा हिशोब आणि सील क्रमांक आणखी महत्त्वाचे.

आणि तरीही हरियाणातलं बुआना लाखू पाहा, पानिपत जिल्हा. सरपंचाची निवडणूक २०२२ ची. एका बूथवर दोन उमेदवारांची मतं एकमेकांच्या नावावर लिहिली गेली, मशीन बरोबर होतं. सर्वोच्च न्यायालयाने मशीन दिल्लीला मागवून आपल्या आवारात मोजणी करवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या उमेदवाराला ५१ मतांनी विजयी ठरवलं. जवळजवळ तीन वर्षं लागली, निपाणीकर म्हणतात तसंच. पण मशीन सीलबंद राहिलं म्हणून ती दुरुस्ती शक्य झाली.

---

येळ्ळूर_शिक्षिका

यादीचं कोणीच बोललं नाही. मतदार यादी अंतिम झाली की याचिकेत "यादीच चुकीची होती" हा मुद्दा सहसा टिकत नाही. तो लढा मतदानाच्या आधीचा आहे. कलबुर्गीजवळच्या आळंदमध्ये २०२३ च्या निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते, तपासणीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. बाकीचे पकडले गेले कारण निवडणुकीआधी पाहिलं गेलं.

नमुना ६ नवीन नावाला, ७ नाव वगळायला किंवा हरकतीला, ८ दुरुस्ती आणि पत्ता बदलायला. मसुदा यादी लागली की प्रत्येक भागासाठी दोन माणसं बसवावीत आणि गेल्या वेळच्या यादीशी घर क्रमांकाप्रमाणे ताडावी. नावाप्रमाणे ताडू नका. कन्नडमधून मराठीत येताना आडनावं बदलतात, च आणि ज चे उच्चार गोंधळतात, आणि एकच बाई दोन नावांनी दिसते किंवा गायब झाल्यासारखी वाटते. ओळखपत्राचा क्रमांक हा शेवटचा निवाडा. नाव चुकीने गेलं असेल तर नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर १५ दिवसांत डीसींकडे (जिल्हाधिकारी) अपील आहे, त्याच्या वर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे.

---

निपाणीकर

ठीक आहे. समजा सगळं केलं, १७-सी घेतली, अर्ज दिले. मशीनच्या आतलं तपासायचं असेल तर? आणि मोजणीचं चित्रीकरण मिळतं का?

---

धारवाड_वकील

मशीनसाठी: २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची (आतली चिप) तपासणी मागू शकतो. मुदत निकालानंतर फक्त ७ दिवस. कोणती मशीन हे उमेदवाराने केंद्राच्या किंवा मशीनच्या क्रमांकावरून सांगायचं, म्हणून क्रमांक लिहिलेली १७-सी हवी. सुरुवातीला शुल्क एका संचाला ४०,००० अधिक जीएसटी होतं, दोष निघाला तर परत. तपासताना मूळ डेटा पुसू नका, असं न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाला सांगितलं.

चित्रीकरणाचं मात्र नीट लक्षात घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलला, सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक सामग्री कोणालाही मागता येईल अशा कागदांतून वगळली. मे २०२५ पासून हे चित्रीकरण निकालानंतर ४५ दिवसच ठेवायचं, याचिका नसेल तर नष्ट करता येतं. मला हा बदल चुकीचा वाटतो. ज्या व्यवस्थेला लोकांनी निकाल मानावा असं वाटतं, तिने पुरावा जास्त दिवस ठेवायला हवा. पण नियम आज तसा आहे. याचिकेची मुदतही ४५ आणि चित्रीकरणाचीही ४५. पंचेचाळिसाव्या दिवशी याचिका दाखल करून डीसी ऑफिसला कळेपर्यंत फित पुसलेली असू शकते. मालूर खटल्यातही मोजणीचं चित्रीकरण न्यायालयापुढे आलं नाही, यावरून न्यायालयाने अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले.

म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी पत्र: अमुक केंद्र, अमुक मोजणी टेबल, अमुक फेरी, चित्रीकरण जपून ठेवा. पोच शिक्क्यासह घ्या. याचिका तिसाव्या दिवसाच्या आत दाखल करा, त्याच दिवशी तिची प्रत आणि चित्रीकरण जपण्याचा अंतरिम अर्ज दोन्ही डीसी ऑफिसला पोचवा.

---

सीमावासी_टिळकवाडी

पत्राचा मसुदा मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोन्हीत करून इथे टाकाल का? आवक-जावक विभागात मराठी पत्र "नंतर बघू" म्हणून पडून राहिलं तर पोच मिळत नाही आणि दिवस जातात.

---

धारवाड_वकील

कन्नड आणि इंग्रजीत करतो, खाली मराठी प्रत जोडतो. पोच त्यावर घ्या. उद्या रात्री टाकतो. ताई, मोजणी टेबलाच्या नोंदीचा तक्ता तुम्ही करा: केंद्र क्रमांक, सीयू क्रमांक, सील, १७-सी ची बेरीज, टेबलावरची बेरीज, फरक. एका पानावर १४ ओळी, कारण एका फेरीत टेबलं १४ असतात.